‘बत्तीस तुकडे’ विरुद्ध ‘अडकलेली लिफ्ट’

८ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र पोचलं. आईची पत्रं यायची तेव्हा पाकीट फोडण्याआधीच वाटायचं की आत आपली खरडपट्टी आहे. तुमची येतात तेव्हा आतून हजेरीपुस्तक निघतं. सात वाजता औषध, नऊ वाजता कूस बदलली, ताप नाही, खाली सही. ओतकामाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फोरमन होतात हे मान्य, पण मी तुमच्या पाळीवरचा कामगार नाही. जरा इकडचं तिकडचंही लिहीत जा.

आई, हे पत्र बाबा तुला मोठ्याने वाचून दाखवतायत हे मला ठाऊक आहे. खालच्या मजल्यालाही ठाऊक असणार. कारखान्याने त्यांचे कान नेले आणि बदल्यात हा आवाज दिला. फोनवर ते ओरडतात, मी ओरडतो, कळत कुणालाच काही नाही, म्हणून ही पत्रं. तुला झटका येऊन सहा महिने झाले. उजवा हात आणि जीभ रुसली असली तरी तुला ऐकू सगळं येतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून मी तुझ्यासाठी अक्षर सुधारून लिहितो.

बाबांच्या फोनमध्ये मी फँटसी फुटबॉलचा खेळ घालून दिलाय, त्याची गंमत तुला सांगतो. खऱ्या सामन्यांत खेळणारे पंधरा खेळाडू आपण निवडायचे. मैदानावर ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. एकाला कप्तान करायचं, त्याचे गुण दुप्पट. दर आठवड्याला एक जण बदलता येतो, आणि मोसमात एकदाच अख्खा संघ. बस्स, एवढंच. आमच्या दोघांच्या स्पर्धेत माझा संघ ‘अडकलेली लिफ्ट’, कारण दिवसभर मी दुसऱ्यांच्या लिफ्ट सोडवत असतो. बाबांचा ‘बत्तीस तुकडे’. पहिल्या तीन आठवड्यांत बाबांनी मला धूळ चारली आहे. हे कसं घडतंय ते मला कळेनासं झालंय. फुटबॉलमधलं त्यांना काय कळतं? एकदा सामना बघताना त्यांनी विचारलं होतं की पंच कुठल्या बाजूने खेळतोय.

तुमची सून बरी आहे, तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपला,
पान्या


१९ सप्टेंबर

चि. पान्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हजेरीपुस्तक म्हणालास, ते तुझ्या आईला फार आवडलं. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी आपली तशीच. आता इकडचं तिकडचं ऐक. खिडकीचा कडीकोयंडा तुटला होता, तो मी बसवला. जिन्यातला दिवा गेलाय, तो कुणीच बसवत नाही. झालं इकडचं तिकडचं.

सकाळी येणाऱ्या ताई चांगल्या मिळाल्या. आईची आंघोळ, कपडे, केस करतात आणि दहाला जातात. मग दिवसभर मी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. चादरीचा काठ दोन्ही मुठींत धरायचा, गुडघा गादीला टेकवायचा, तिला सांगायचं आणि एका दमात ओढायचं. मी मोठमोठे साचे हलवलेत, हे तर घरचंच वजन. तू उगाच काळजी करू नकोस.

संघाबद्दल म्हणशील तर आम्ही तुझ्या अठ्ठावीस गुणांनी पुढे आहोत. आमचा मधल्या फळीतला ‘कारकून’ तुला दिसतो का? मान वर न करता टेबलावरची फाइल पुढे सरकवावी तसा चेंडू सरकवतो, आणि पुढचा गोल करतो. त्याचं कुणाला कौतुक नाही, पण गुण मिळतात. तू मात्र केस रंगवलेले घेऊन बसला आहेस. संघाला नाव आईच्या कामावरून ठेवलं. बावीस वर्षं तिने कारखान्यात फुटबॉल शिवले, एका चेंडूला बत्तीस तुकडे. ज्या पोरांनी ते लाथाडले त्यांना तिचं नाव कधी कळलं नाही, निदान संघाला तरी असू दे.

जेवत जा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना वरचा खटका बंद आहे ना, ते स्वतः बघत जा, दुसऱ्याच्या तोंडावर विसंबू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे हे ध्यानात असू दे.

तुझे,
बाबा


१६ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, या आठवड्यात एका म्हातारबुवांना आणि त्यांच्या कुत्र्याला लिफ्टमधून सोडवलं. बुवा शांत होते, कुत्राही शांत होता, मीच घाबरलो होतो. बाहेर आल्यावर बुवा म्हणाले की बरं झालं, इतक्या निवांत बऱ्याच दिवसांत बसलो नव्हतो. संघाचं म्हणशील तर बाबा एक्केचाळीस गुणांनी पुढे. माझी बोलती बंद.

बाबा, इथून पुढचं मनात वाचा. हे आईसाठी नाही.

ताईंनी मला फोन केला होता. त्यांच्यावर चिडू नका. आईला उचलताना तुम्ही पडलात, दोन खाटांच्या मधे पाऊण तास पडून होतात, आणि ती वरून नुसती बघत होती, हे तुम्ही मला कळवलं नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय की तुमच्या मणक्याची चकती सरकली आहे आणि पुन्हा असं झालं तर तुम्हीही खाटेवर. म्हणजे एका घरात दोन खाटा, आणि कूस बदलायला कुणी नाही.

तुमच्यापासून दोन बसथांब्यांवर ते शुश्रूषाकेंद्र आहे. मी तिथल्या मुख्य परिचारिकेशी बोललो. आईला जागा मिळेल. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा तुम्ही तिच्याजवळ बसू शकता. तुम्हाला तिथे राहता येणार नाही, एवढं एकच आहे. तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत आहे. सरळ सांगून तुम्ही आजवर काही ऐकलेलं नाही, पण पैज लावली की शब्द पाळता. तर पैज लावू या. मे महिन्यात मोसम संपेल तेव्हा ‘अडकलेली लिफ्ट’ पुढे असली तर आई केंद्रात जाईल. ‘बत्तीस तुकडे’ पुढे असले तर मी हा विषय पुन्हा तोंडातून काढणार नाही, आणि रात्रपाळीला एक बाई पाठवून देईन. आत्ता तुम्ही पुढे आहात, म्हणजे घाबरायचं कारण नाही.

रागावलात तरी चालेल, पण अबोला धरू नका.

आपला,
पान्या


२८ ऑक्टोबर

चि. पान्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस तसं पुढचं सगळं मी मनात वाचलं. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती, तिला यातलं काही कळलेलं नाही. कुत्र्याच्या गोष्टीला हसली होती, तेवढंच.

तुझा राग आला होता, तो दोन दिवस टिकला. माझ्या बायकोला कुठे ठेवायचं हे चेंडूवर ठरवायला निघालास, तुला लाज कशी वाटली नाही? मग विचार केला की एरवी तू दर पत्रात हेच दळण दळत बसशील आणि एखाद्या दिवशी गाडी घेऊनच दारात उभा राहशील. त्यापेक्षा हे बरं. पैज मंजूर. चव्वेचाळीस वर्षांत आम्ही दोघं वेगळ्या छपराखाली राहिलो ते फक्त तुझ्या जन्माच्या वेळी, पाच दिवस. तेव्हाही मी दवाखान्याच्या पायरीवरच होतो. आता या वयात मी भेटीच्या वेळा पाळून तिच्याकडे जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. म्हणून तुला हरवणं भाग आहे.

पडलो ते चपलेमुळे. चप्पल फेकून दिली आहे.

आई बरी आहे, जेवण मात्र हल्ली थोडं कमी घेते. तुझ्यावरची माया रागाने आटत नाही.

तुझे,
बाबा


६ जानेवारी

ती. बाबा आणि ती. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, हे चाललंय काय? नोव्हेंबरात तुमच्या कारकुनाचा घोटा मोडला. या मोसमात तो पुन्हा खेळणार नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फोनमध्ये त्याच्या नावापुढे लाल खूण आहे. आणि तुम्ही त्याला संघात ठेवलंत ते ठेवलंत, वर सलग सहा आठवडे कप्तान केलंत! शून्याची दुप्पट किती होते, बाबा? बदली करून आणलात तो कोण, तर तिसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक, जो बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. एक्केचाळीसने पुढे होतात, आता सत्त्याऐंशीने मागे आहात.

आधी मी हसलो. लिफ्टवाल्या सोबत्यांना दाखवून हसलो, हे कबूल करतो. परवा तुमची सून म्हणाली की हसू नकोस, बाबांना विसरायला तर होत नाही ना ते विचार. तेव्हापासून हसू पळालंय. औषधांच्या वेळा नीट लक्षात राहतात का? गॅस बंद करता ना? मला खरं सांगा. मी काही ती पैज जिंकायला जीव टाकून बसलेलो नाही.

लवकर लिहा. तुमच्या दोघांच्या मायेवर माझं सगळं चाललंय.

आपला,
पान्या


१७ जानेवारी

चि. पान्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

माझं डोकं ठिकाणावर आहे. गॅस बंद असतो. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगतो.

संघ मी निवडत नाही. तुझी आई निवडते. पहिल्या दिवसापासून तीच निवडते. तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट चालतं. मी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरतो, माझं बोट तिच्या मुठीत देतो आणि एकेक नाव वाचतो. तिने एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. शुक्रवारी दुपारी तास-दीड तास आमचं हे चालतं. पंचाची बाजू विचारणाऱ्या माणसाने तुला धूळ चारली असं तुला वाटलं, तेव्हा ती किती हसली होती! बावीस वर्षं चेंडू हाताळलेत तिने. पायातून सुटताना तो कसा फिरतो यावरून तिला माणूस कळतो. तू तिला खेळाचे नियम समजावलेस ते पत्र मी तिला तीनदा वाचून दाखवलं, तिच्या हट्टाखातर. तुला तोंडघशी पाडून मग सांगायचं असं आमचं ठरलं होतं.

आणि आता हे असं झालं. ऑक्टोबरच्या शेवटापासून तिची निवड बिघडली. कारकुनाच्या नावाला एकदा दाबते. मी सांगतो की अगं, त्याचा पाय मोडलाय. पुन्हा एकदाच दाबते. बाटल्यावाला गोलरक्षकही तिनेच आणला. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले की छोटे छोटे झटके आपल्याला न कळता येऊन जातात, डोकं थोडं थोडं मिटत जातं. पान्या, तुला माझी भीती वाटली, मला तिची वाटते. दर शुक्रवारी ती माझ्यापासून आणखी थोडी लांब गेलेली असते आणि मला ते गुणांच्या आकड्यात दिसतं.

तू म्हणशील, मग तुम्ही निवडा. ते मी करणार नाही. तिच्या हातात सगळ्या घरातली ही एकच गोष्ट उरली आहे. ती हिसकावून घेऊन पैज जिंकलो तर तिला घरात ठेवून काय मिळवलं?

माझी पाठ सांभाळून आहे. थंडीत जरा धरते. आमच्यावर लोभ आहे तसा असू दे.

तुझे,
बाबा


१ फेब्रुवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, मी गाढव आहे. तुला मी फुटबॉल समजावत होतो! तुझ्या संघाला नावं ठेवली ती सगळी परत घेतो. तुझ्याकडून हरण्यात मला कमीपणा नाही, लहानपणी अंगणात हरतच होतो. एकच मागणं आहे, कारकुनाला काढ गं. चांगला माणूस आहे, पण घरी झोपलाय. त्याच्या जागी पुढच्या फळीतल्या घोडमुख्याला घे, तो सध्या पेटलाय.

बाबा, आता मनात वाचा.

पैज मी मागे घेतो. चूक झाली माझी. आई आहे तिथेच राहू दे, आपण दुसरं काहीतरी बघू, मी रजा काढून येतो. शब्द म्हणजे शब्द म्हणून तुम्ही अडून बसणार हेही मला माहीत आहे, म्हणून दुसरी सोय केली आहे. या शनिवारपासून ‘अडकलेली लिफ्ट’चा कप्तान मी एका निवृत्तीला टेकलेल्या बचावपटूला केलं आहे. अकराच्या अकरा बाकावरचे घेतले आहेत. आईने डोळे मिटून बोट ठेवलं तरी ती जिंकेल. हे तिला कळू देऊ नका.

चुकलेल्या मुलावर राग धरू नका.

आपला,
पान्या


२३ मे

चि. पान्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रविवारी मोसम संपला. तू एकोणीस गुणांनी जिंकलास. हरण्याचा एवढा आटापिटा करूनही जिंकलास, यात तुझा दोष नाही. तू कप्तान म्हणून म्हातारा आणलास, तिने कारकून सोडला नाही. तू बाकावरचे अकरा घेतलेस, तिने चालू असलेले एकेक करून बाहेर काढले. तीन महिने तुम्ही दोघं हरायची शर्यत लावून बसला होतात आणि मधे मी फोन धरून. शेवटचे काही आठवडे दोन्ही संघांना मिळून एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच गुण मिळत होते.

आता नीट वाच. एप्रिलमध्ये मी ताईंना म्हटलं की आईचं डोकं जात चाललंय, पत्रातलं सुद्धा तिला पोचतं की नाही देव जाणे. तर ताईंनी हातातलं काम ठेवून पाटी काढली. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी त्यावर लिहून दिलं. मी मनात वाचतो असं मला वाटतं, पण माझे ओठ हलतात आणि आवाजही येतो, चांगला स्वयंपाकघरापर्यंत येतो. ऑक्टोबरातलं ते पत्र त्यांनी भांडी पुसता पुसता पूर्ण ऐकलं होतं. फेब्रुवारीतलंही. मला वाटलं होतं मी गप्प आहे. माझाच आवाज मला येत नाही, पान्या. मी पडलो ते, मणक्याचं ते, केंद्राचं ते, पैजेचं ते, सगळं मी तिच्या उशाशी बसून तिला खणखणीत वाचून दाखवलं, आणि वर तुला कळवलं की तिला काही कळलेलं नाही.

ताई गेल्यावर मी फोन घेऊन बसलो. तिला म्हटलं, आज संघ बदलायचा नाही, फक्त सांगायचं. जिंकायचंच असतं तर कप्तान कोण? नावं वाचत गेलो. कारकुनाला दोनदा दाबलं. बाटल्यावाल्याला दोनदा. घोडमुख्याला एकदा, तेही असं की नख लागलं. त्या शनिवारी घोडमुख्याने तीन गोल केले. तिचं डोकं कुठेही गेलेलं नव्हतं. गेले सहा महिने मी तिच्या डोक्यासाठी रडत होतो आणि ती पूर्ण शुद्धीत, हिशेबाने, माझ्या समोर हरत होती.

मी विचारलं, तू पैजेचं ऐकलंस? एकदा. मुद्दाम हरलीस? एकदा. पान्याने पैज मागे घेतली तेही ऐकलंस? एकदा. मग मी भांडलो. ओरडलो असणार, कारण खालचे वर आले. मी म्हटलं, मला चालतंय, माझी पाठ चांगली आहे. दोनदा. म्हटलं, बाई ठेवू, पान्या येईल, पलंगाला कप्पी बसवू, मी कप्पी स्वतः बनवतो. दोनदा, दोनदा, दोनदा. तिचा हात दमला तरी ती दाबत राहिली. शेवटी विचारलं, तुला तिथे जायचंय का? तेव्हा मात्र तिने काहीच दाबलं नाही. बराच वेळ तिने माझं बोट नुसतं धरून ठेवलं. मग एकदा दाबलं.

त्यानंतर महिनाभर मी रोज तेच विचारलं. वेगवेगळ्या शब्दांत, कधी हसत, कधी पाया पडत. उत्तर बदललं नाही. मी खाली पडलो होतो तेव्हाचा तो पाऊण तास तिने वरून बघितला आहे, त्यापुढे माझं काही चालत नाही.

मला एवढंच सोसवत नाही की दर शुक्रवारी ती या घरातून एक पाऊल बाहेर टाकत होती आणि प्रत्येक वेळी बटण मी दाबत होतो. खात्री आहे ना असंही विचारत होतो, वेड्यासारखा.

उद्या सकाळी साडेदहाला केंद्राची गाडी येणार आहे. ताईंनी तिच्या कपड्यांवर खोली क्रमांक शिवून दिला. टाके वाकडे पडलेत हे तिने डोळ्यांनी दाखवलं, तेव्हा मी दोन उसवून पुन्हा घातले. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती तिथे असेल, तू रजा टाकून धावत येऊ नकोस. तिला जिन्यावरून खाली उतरवायला गाडीबरोबर दोन माणसं येतात. मी हात लावायचा नाही असं त्यांनी कळवलं आहे.

आमच्यावरची माया आता दोन पत्त्यांवर पाठवत जा.

तुझे,
बाबा